बसून फेकायची लाईन: कयाकवरून बास धरण्यासाठी 'बास टेपर' कितपत कामाची?

फ्लाय फिशिंगमध्ये वजन आमिषात नसतं, लाईनमध्ये असतं. स्पिनिंग रॉडवाला जड आमिष भिरकावतो आणि बारीक दोरा त्याच्यामागे धावतो. इथे उलटं आहे. जाड, वजनदार लाईन हवेत उलगडते आणि पिसांची-केसांची हलकी फ्लाय, म्हणजे नकली आमिष, तिच्या शेपटीला लागून जाते. त्यामुळे लाईन चुकीची निवडली तर रॉड कितीही महागाचा असला तरी तो नुसता काठीसारखा हलतो. काठावर उभं राहून ही चूक खपून जाते, कयाकमध्ये बसल्यावर खपत नाही.

इथे तपासली आहे ती ८ वेटची (हा लाईनच्या वजनाचा नंबर), तरंगणारी, बास टेपर (म्हणजे बाससाठी जाडी कमी-जास्त केलेली) लाईन, ९ फुटी रॉडवर. 'बास', 'बास बग', 'वॉर्मवॉटर' अशा नावांनी ती वेगवेगळ्या डब्यांत मिळते, पण आतली रचना जवळपास सारखीच असते. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, रचनेचं आहे. मासा म्हणजे मूळचे उत्तर अमेरिकेतले दोघे भाऊ: लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास. पहिला कमळाच्या पानांत, बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाला दबा धरून बसतो. दुसऱ्याला खडक आणि वाहतं पाणी जास्त मानवतं. ही लाईन मुख्यतः पहिल्यासाठी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता रचना. पूर्ण लाईन साधारण ९० ते १०० फूट असते. पुढचे ३० ते ३८ फूट जाड असतात, त्याला हेड म्हणतात. मागचा उरलेला भाग बारीक, ती रनिंग लाईन. साध्या वेट-फॉरवर्ड लाईनमध्येही हेच असतं, पण बास टेपरमध्ये दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या केलेल्या असतात. बरंचसं वजन हेडच्या पुढच्या भागात सरकवलेलं असतं आणि टोकाकडचा निमुळता भाग आखूड ठेवलेला असतो. लाईन उलगडत टोकापर्यंत येते तेव्हा अंगात बराच जोर शिल्लक असतो. हरणाच्या केसांचा गोळा किंवा रुंद तोंडाचा फोम पॉपर (पाण्यावर 'पॉप' आवाज करणारी तरंगती फ्लाय) हवेत छत्रीसारखा अडतो. त्याला उलटवून पुढे टाकायला हाच शिल्लक जोर लागतो. साध्या लाईनवर तोच पॉपर टाकला तर लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा) शेवटी ढेपाळतो आणि फ्लाय लाईनच्याच अंगावर गोळा होऊन पडते.

कयाकमध्ये ही रचना का उपयोगी पडते, ते बॅककास्टमध्ये, म्हणजे लाईन मागे फेकताना, दिसतं. उभ्या माणसाचा हात पाण्यापासून साडेचार-पाच फुटांवर असतो. बसल्यावर तोच हात दोन-अडीच फुटांवर येतो. मागे जाणारी लाईन उलगडेपर्यंत खाली येतच असते, आणि इथे तिला खाली यायला जागाच नसते. एक फॉल्स कास्ट (लाईन पाण्यावर न टाकता हवेतच मागे-पुढे नेणं) निभावतो, दुसऱ्याला लाईन मागच्या पाण्याला चाटते, तिसऱ्याला फ्लाय पाण्यात अडकते आणि पुढचा सगळा जोर वाया जातो. म्हणजे बसून फेकणाऱ्याला फॉल्स कास्ट कमीत कमी हवेत. बास टेपर नेमकं तेच देते. ३० फूट लाईन बाहेर असताना उचला, एकच बॅककास्ट, आणि पुढच्या फेकीत उरलेली लाईन सोडून द्या. रॉड लगेच वाकतो, वाट पाहावी लागत नाही.

उचलण्याची पद्धतही इथे महत्त्वाची आहे. रॉडचं टोक आधी पाण्याला टेकवा आणि ढिलाई ओढून घ्या. मग टोक सावकाश वर न्या, लाईन पाण्यावरून सुटत सुटत फक्त लीडर पाण्यात उरेपर्यंत. त्यानंतरच झटका, आणि तोही मागे नाही, मागे-वर. मनगट मागे पडलं की बॅककास्ट पाण्यात गेलाच म्हणून समजा. पॉपर पाण्यात असतानाच घाईनं झटका दिला तर तो 'बद्द' आवाज करून बुडी मारतो, आणि त्या आवाजानं जवळ आलेला मासाही निघून जातो. जड डोळ्यांच्या फ्लायसाठी मागचा कास्ट तिरका, बाजूनं, आणि पुढचा डोक्यावरून असा लंबगोल फेरा घ्या, म्हणजे लाईन सतत ताणलेली राहते. बसलेल्या माणसाचं डोकं फ्लायच्या वाटेत येतं, त्यामुळे टोपी, चष्मा आणि गळाचा काटा चिमट्यानं दाबून सपाट केलेला, या तीन गोष्टींवर तडजोड नको. वारा फेकणाऱ्या हाताच्या बाजूनं येत असेल तर कयाकच फिरवा. हात बदलण्यापेक्षा ते सोपं आहे.

डब्यावरच्या आकड्याकडे आता नीट पाहू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. ८ वेटच्या लाईनचं प्रमाण म्हणजे पहिल्या ३० फुटांचं वजन २१० ग्रेन, साधारण १३.६ ग्रॅम. ९ ला २४० ग्रेन, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम, आणि १० ला २८० ग्रेन, म्हणजे १८ ग्रॅमच्या थोडं वर. बास लाईन '८' म्हणून विकतात, पण मुद्दाम अर्धा ते दीड नंबर जड बनवतात. ताठ रॉड सहज वाकावा म्हणून ते ठीकच आहे, पण तसं ठळक लिहिलेलं मिळेलच असं नाही. मऊ रॉडवर, विशेषतः फायबरग्लासच्या, अशी लाईन चढवली की रॉड मुठीपासूनच लवतो, लाईनचा हवेतला वळसा (लूप) फुगतो आणि बसलेल्या माणसाचा बॅककास्ट आणखी खाली येतो.

शंका असेल तर घरी मोजा. टोकाचा निमुळता होण्याआधीचा एकसारख्या जाडीचा बारीक तुकडा, साधारण अर्ध्या-एक फुटाचा, सोडून द्या. तिथून पुढचे ३० फूट टेपनं मोजा, गुंडाळून ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा आणि खूण केलेल्या जागेपलीकडची लाईन काट्याला टेकू देऊ नका. १५ ते १५.५ ग्रॅमच्या आसपास आली तर ताठ ८ वेट रॉडला ती उत्तम. १७ च्या वर गेली तर ती ८ ची नाही, रॉडला न विचारता आलेला पाहुणा आहे. आमच्या मते कयाकसाठी एक नंबर जड ही योग्य मर्यादा आहे. दीड नंबर जड लाईन जवळच्या फेकीला मस्त वाटते, पण दिवसभरात शे-दोनशे वेळा उचलली की खांदा बोलायला लागतो.

दोष आहेत, आणि ते लपवण्यासारखे नाहीत. लाईन पाण्यावर नाजूकपणे उतरत नाही, थप्पड मारल्यासारखी पडते. कमळांच्या गर्दीत, गढूळ पाण्यात, वारा असताना ते चालतं. उथळ, आरशासारख्या स्वच्छ पाण्यात मासा दचकतो. दुसरा दोष लांब फेकीचा. हेड संपून बारीक रनिंग लाईन रॉडच्या टोकाबाहेर पाच-सहा फुटांपेक्षा जास्त गेली आणि तुम्ही हवेतच ती खेळवत राहिलात, तर जाड-बारीकच्या जोडावर लाईन बिजागरीसारखी मोडते. ७० फुटांच्या फेकीची हौस असेल तर ही लाईन घेऊ नका. बास मात्र बहुतेक वेळा ३० ते ५० फुटांवरच लागतो, आणि कयाक शांतपणे जवळ नेता येते, हाच तर तिचा फायदा. काही लाईनींवर हेड संपतं तिथे रंग बदलतो. घ्यायचीच तर तशी घ्या. बसलेल्या अवस्थेत किती लाईन बाहेर आहे याचा अंदाज चुकतो, रंग चुकत नाही.

डेकचा प्रश्न मात्र लाईन एकटी सोडवू शकत नाही. हिशोब असा: ५० फुटांवर फ्लाय पोचवायची, लीडर साडेसात फूट, म्हणजे साधारण ४२ फूट लाईन रॉडच्या टोकाबाहेर. फ्लाय कयाकच्या कडेपर्यंत ओढत आणलीत तर ३० फुटांहून जास्त लाईन मांडीवर आणि पायांत येऊन पडते. ३० फूट बाहेर असतानाच उचललीत तर फक्त १२ फूट. बास टेपरमुळे हे दुसरं शक्य होतं, आणि आमच्या दृष्टीनं तिचा कयाकवरचा सगळ्यात मोठा गुण हाच. तरी पाठलाग करणारा मासा कधीकधी अगदी कडेला येऊन घेतो, त्यामुळे दर चार-पाच फेकींत एकदा शेवटपर्यंत ओढावंच लागतं.

ती मोकळी लाईन नेमकी कुठे अडकते? पाय टेकवायच्या पट्टीत, वल्ह्याच्या खोबणीत, मागे-पुढे उभ्या केलेल्या रॉड होल्डरमध्ये, जाळ्याच्या दांड्याला, लाइफ जॅकेटच्या चेनच्या शेंडीला, बुटाच्या नाडीला. पॅडलऐवजी पायानं चालवायची कयाक असेल तर पेडलांच्या सांध्यात, आणि तिथून ती आवरण सोलूनच निघते. उपाय साधे आहेत. पुढच्या डेकवर काहीही उभं ठेवू नका. दोन पायांमध्ये मऊ भिंतीचं पसरट टब ठेवा, किंवा ओला टॉवेल मांडीपासून पावलांपर्यंत पसरा. ओल्या कापडावर बारीक रनिंग लाईन चिकटून बसते, वाऱ्यानं उडत नाही, आणि फेकताना सहज सुटते. कोरडा टॉवेल घेऊ नका, त्याचे धागेच लाईन धरून ठेवतात. वल्हं आडवं मांडीवर ठेवायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. वल्हं बाजूच्या खोबणीत, आणि त्याला बांधलेली दोरी लाईन ओढणाऱ्या हाताच्या उलट बाजूला.

गुंत्याचं दुसरं कारण पीळ. रुंद फ्लाय हवेत भिंगरीसारखी फिरते, लीडरला पीळ पडतो आणि तो हळूहळू लाईनमध्ये चढतो. वर सांगितलेला लंबगोल कास्टही त्यात भर घालतो. दोन-तीन तासांनी डेकवरची लाईन आपोआप गोल वेटोळी करायला लागली की हे झालंय असं समजा. फ्लाय कापून टाका, पूर्ण लाईन कयाकमागे पाण्यात सोडा आणि पाच मिनिटं वल्हवत राहा. पीळ निघून जातो. बोटीवर असण्याचा हा फुकटचा फायदा आहे, काठावरच्याला तो मिळत नाही.

सगळीच वेटोळी पिळाची असतात असं मात्र समजू नका. पहाटे गार हवेत रीलवरून स्प्रिंगसारखी लाईन निघते, तो पीळ नाही, रीलवर बसलेली घडी आहे. गरम पाण्यासाठीच्या लाईनचं आवरण आणि गाभा जरा ताठ असतात, म्हणून थंडीत ही घडी जास्त दिसते. फेकायला लागण्याआधी हातभर-हातभर लाईन दोन्ही हातांत धरून दहा सेकंद ताणा. थंड पाण्यातल्या ट्राउटसाठीची मऊ लाईन यावर उपाय नाही. ती उन्हात लिबलिबीत होते, रॉडच्या रिंगांना चिकटते आणि सुटत नाही.

लीडरवर फार डोकं लढवायची गरज नाही. साडेसात फूट पुरे: ४० पाउंडाचा (म्हणजे तेवढा ताण सोसणारा) साडेतीन फूट, २५ पाउंडाचा दोन फूट, शेवटी १६ पाउंडाचा दोन फूट, ब्लड नॉट या गाठीनं जोडलेले. गाठ ओढण्याआधी ओली करा. दाट वेलींत शेवटचा तुकडा २० पाउंडाचा. वर तरंगणाऱ्या फ्लायसाठी नायलॉनच वापरा. फ्लुरोकार्बन बुडतो आणि पॉपरचं नाक खाली ओढतो. फ्लाय बिन-सरक्या फासानं बांधली तर मोकळी डुलते. रॉडपेक्षा लांब लीडर कयाकवर मुळीच नको. मासा जवळ आणताना लीडर आणि लाईनची गाठ सगळ्यात वरच्या रिंगेत शिरते, मासा शेवटचा हिसका देतो, आणि गाठ तिथेच अडकलेली असेल तर तुटणार काहीतरी नक्की.

कोणती फ्लाय किती चालते? १/० ते ४ नंबरच्या गळांवरचे फोम पॉपर या लाईनवर सर्वात सुखाने जातात. लॅरी डालबर्ग यांचा डायव्हर, म्हणजे डोक्याला केसांची तिरकी कॉलर असलेली, ओढली की बुडी मारून पुन्हा वर येणारी फ्लाय, तीही छान. मात्र केस ओले झाले की तिचं वजन वाढतं, त्यामुळे अधूनमधून पिळून काढा. बॉब क्लाउझर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या ससक्वेहाना नदीच्या स्मॉलमाउथसाठी बांधलेली क्लाउझर मिनो, म्हणजे धातूच्या जड डोळ्यांची फ्लाय, ही लाईन फेकते खरी, पण तरंगणाऱ्या जाड टोकामुळे ती फार खोल जात नाही. सहा-सात फुटांपलीकडच्या पाण्यासाठी लाईनच वेगळी हवी.

मासा लागण्याच्या क्षणी कयाक आणखी एक खोडी काढते. वारा कयाकला फ्लायकडे ढकलत असेल तर लाईन न कळत ढिली पडते. बास पॉपर गिळतो, तुम्ही झटका देता, आणि तो झटका ढिलाई भरून काढण्यातच संपतो. वारा उलट दिशेला ढकलत असेल तर थांबवून ठेवलेला पॉपर स्वतःच सरकत राहतो, आणि बासला भुलवते ती नेमकी ती थांबलेली अवस्था: एकदा 'पॉप', पाण्यावरची वलयं विरेपर्यंत गप्प, मग पुन्हा. म्हणून कयाक आधी जागेवर बांधा. पाच-सहा फुटांपर्यंतच्या पाण्यात तळात रोवायचा खांब सगळ्यात शांत. त्याहून खोल पाण्यात दीड किलोचा घडीचा नांगर आणि पुढच्या-मागच्या टोकाला नेता येईल अशी ट्रॉलीची दोरी. वाहत्या पाण्यात नांगर कयाकच्या मध्याला, बाजूवर कधीही बांधू नका. प्रवाह अंगावर येतो, ती बाजू खाली दबते आणि कयाक उलटते. लाइफ जॅकेट अंगात असूनही पाय नांगराच्या दोरीत गुंतू शकतात, त्यामुळे दोरी एका ओढीत सुटेल अशाच खाचेत अडकवा.

झटका रॉडनं नाही, हातानं. रॉडचं टोक पाण्याकडे, फ्लायच्या रेषेत, आणि डाव्या हातानं लाईन लांब ओढायची. हात जड लागला की मगच रॉड वर. ट्राउटसारखा रॉड आधी उचललात तर गळ तोंडातून निसटतो आणि लाईन उडून मानेभोवती येते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत मासा वेलींपासून दूर ओढून काढा. इथे १६ पाउंडाचा लीडर कामाला येतो. मोठा बास हलकी कयाक अलगद आपल्याकडे ओढतो, तेव्हा नांगर नसेल तर झुंज पानांच्या आत संपते. जवळ आल्यावर रॉड सरळ उभा करून टोकावर जोर देऊ नका, रॉड वरच्या तिसऱ्या भागात मोडतो. रॉड मागे-बाजूला झुकवा, मासा कडेनं सरकवा आणि खालच्या ओठाला अंगठ्यानं धरा. वजनदार मासा नुसत्या जबड्यावर आडवा लोंबकळवू नये, दुसरा हात पोटाखाली हवा.

रीलबद्दल एकच सूचना. बास टेपरचं हेड जाड असल्यामुळे तेवढ्याच रीलवर ती जास्त जागा खाते. बास लांब पळत नाही, त्यामुळे लाईनच्या मागे जोडायचा २० पाउंडी दोरा, म्हणजे बॅकिंग, ५० यार्ड पुरे. रील भरल्यावर कडेपासून पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर घाईत गुंडाळलेली लाईन चौकटीला घासते.

टिकाऊपणा बरा आहे, पण वापरणाऱ्यावर अवलंबून. आवरण पीव्हीसीचं असेल, आणि बहुतेकदा ते असतंच, तर त्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे डासांसाठी लावायचं डीईईटी असलेलं औषध. हाताला लागलेलं औषध लाईनवर गेलं की आवरण चिकट होतं आणि मग चिरा पडतात. सनस्क्रीनही बोटं धुऊनच. शेवाळाच्या पाण्यात दिवस घालवला की लाईन जड आणि खरखरीत वाटते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ कापडातून दोनदा ओढा, मग स्वच्छ पाण्यातून एकदा, आणि सुकल्यावर लाईनचं ड्रेसिंग, म्हणजे तिला गुळगुळीत ठेवणारं द्रावण. तापलेल्या बंद गाडीत रील ठेवू नका.

कालांतरानं टोक बुडायला लागतं. पॉपर वर, आणि लाईनचे शेवटचे दीड-दोन फूट पाण्याखाली. त्यामुळे उचलताना पॉपर बुडी मारतो आणि लोक फेकण्याच्या पद्धतीला दोष देत बसतात. कारण बहुतेकदा टोकाच्या फासाजवळची चीर असते, जिच्यातून पाणी गाभ्यात शिरतं. लाईन स्वच्छ करून नीट सुकवा, ड्रेसिंग लावा, तरीही बुडत असेल तर चिरलेला भाग, सहाएक इंचापर्यंत, कापून टाका आणि लीडर नेल नॉटनं थेट बांधा. टोक आखूड झाल्यानं पॉपर उलट किंचित जास्त जोरानं उलटतो.

मग घ्यावी का? ताठ किंवा मध्यम-ताठ ९ फुटी ८ वेट रॉड, बैठी कयाक, पानांच्या कडा आणि ५० फुटांच्या आतलं पाणी, इतकं जुळत असेल तर बिनदिक्कत. रॉड ६ वेटचा आणि मासा स्वच्छ नदीतला स्मॉलमाउथ असेल तर साधी वेट-फॉरवर्ड, फार तर अर्धा नंबर जड, जास्त शोभते. उभं राहून फेकता येईल अशी रुंद कयाक असेल तर बॅककास्टचा प्रश्नच निम्मा होतो, आणि लांब हेडची लाईन घेतली तरी चालेल. दोन्ही प्रकारचं पाणी वाट्याला येत असेल तर दुसरा रॉड नेऊ नका, डेकवर आधीच गर्दी असते. त्याऐवजी रीलच्या जादा स्पूलवर (चकतीवर) हळू बुडणारी इंटरमीडिएट लाईन चढवून ती झिपच्या पिशवीत, सीटच्या मागच्या कप्प्यात ठेवा. दुपारी मासा खोल गेला की स्पूल बदलायला चार मिनिटं लागतात, तेही कयाक खांबाला बांधलेली असेल तर.